आरएस-२३२ चा एलईडी टेस्टर घेतला, आधी घेतला असता तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या

वस्तू काय ते आधी सांगतो. आरएस-२३२ म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टची पद्धत, आणि त्यातल्या कुठल्या तारेवर काय चाललंय ते ही दाखवते. काडेपेटीपेक्षा थोडीशी मोठी प्लास्टिकची डबी, एका बाजूला नऊ पिनांचा मेल कनेक्टर, दुसऱ्या बाजूला फिमेल, मधे सात एलईडी आणि त्यांच्यापुढे टीडी, आरडी, आरटीएस, सीटीएस, डीएसआर, सीडी, डीटीआर असं लिहिलेलं. टीडी म्हणजे पाठवायची तार, आरडी म्हणजे घ्यायची, बाकीच्या तयारी आणि होकार कळवायच्या. बॅटरी नाही, स्विच नाही. सिरीयल केबल आणि पोर्टच्या मधे खुपसायची आणि बघायचं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या जवळच्या एका छोट्या दुकानात मला ३५० रुपयांना मिळाली.

आता ही कशाला लागली ते.

मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, तिथे एक पेंटियम पीसी आहे १९९८ चा, डॉस ६.२२ वर (कमांड टाईप करून चालवायची जुनी सिस्टीम) चालणारा, आणि त्याच्या हार्डडिस्कवर सीएनसीचे, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचे, चारशेच्या वर प्रोग्रॅम. ते सगळे मामाकडच्या जुन्या सेटरनी (मशीनवर काम लावून देणारा कारागीर) एकेक करून बसवलेले, ते सेटर काका आता नाहीत. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईकाने दहा वर्षांपूर्वीचा पार्ट परत मागितला आणि फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला, पीसीला यूएसबी नाही, नेटवर्क कार्ड नाही. हार्डडिस्क काढून दुसरीकडे लावायला मामा तयार नव्हता, म्हणाला पंचवीस वर्षं फिरतीये ती, हात लावू नकोस. बरोबरच होतं त्याचं. मग मागे राहिला फक्त कॉम पोर्ट, म्हणजे सिरीयल पोर्ट.

मला वाटलं सोपंय. लॅपटॉपला यूएसबी टू सिरीयल केबल, पुट्टी (सिरीयलवर येणारं स्क्रीनवर दाखवणारं टर्मिनल सॉफ्टवेअर) उघडायचं, ९६०० बॉड म्हणजे वेग, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, डॉसवर मोड कमांडने कॉम वनला तेच सेटिंग द्यायचं आणि फाईल कॉपी करायची कॉम वनवर. प्रोग्रॅम साधे टेक्स्टच असतात, म्हणजे वेगळं काही सॉफ्टवेअरही नको.

पहिली संध्याकाळ केबलमधेच गेली. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्तातल्या केबलवर डिव्हाइस मॅनेजरमधे पिवळा त्रिकोण, ड्रायव्हर चालूच होईना. शेवटी एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल आणली, ती लावल्या लावल्या कॉम पोर्ट दिसला. ती नीट आहे का हे बघायचा एक खात्रीचा उपाय आहे तो करूनच बघा, पिन २ आणि ३ छोट्या वायरने जोडायच्या, पुट्टीत काहीही टाईप करायचं, टाईप केलेलं स्क्रीनवर उमटलं म्हणजे केबल, ड्रायव्हर, पोर्ट नंबर सगळं ठीक. माझं उमटलं. म्हणजे लॅपटॉपची बाजू सुटली.

तरी डॉसकडून एक अक्षर येईना. कॉपी मारलं की थोडा वेळ थांबायचं आणि मग राइट फॉल्ट एरर, अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर, फेल. दुसरी संध्याकाळ मी बॉड रेट बदलण्यात घालवली, १२०० पासून सगळे. पुट्टीचा फ्लो कंट्रोल (थांब की पाठव ते एकमेकांना सांगायची पद्धत) आधी एक्सऑन एक्सऑफ असतो तो नन, म्हणजे बंद केला. कोणीतरी सांगितलं मोड कमांडच्या शेवटी स्वल्पविराम देऊन पी लाव, लावला, तर एरर यायचा बंद झाला पण मशीन नुसतंच थांबून राहायला लागलं, कारण पी म्हणजे कायम प्रयत्न करत राहा. दुखणं तिथेच.

तिसऱ्या संध्याकाळी मामाच म्हणाला, "अरे वायर तरी बघितलीस का?" ती केबल मी घरातून आणलेली एक्सटेन्शन, म्हणजे सरळ, २ ला २ आणि ३ ला ३. दोन कॉम्प्युटर जोडताना एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाला जायला पाहिजे, म्हणजे २ आणि ३ उलटे, त्याला नल मोडेम म्हणतात. नाहीतर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या तारेवर दोघंही ऐकत बसतात. (२५ पिनांच्या पोर्टवर अजून गंमत, तिथे २ वर पाठवणं आणि ३ वर घेणं असतं, ९ पिनांच्या बरोबर उलट, आणि ग्राउंड ५ ऐवजी ७ वर. सीएनसीच्या कंट्रोलरला बहुतेक २५ चाच असतो, तेव्हा आंधळेपणाने केबल बनवू नका.) मग तिथेच तीन तारांची नल मोडेम सोल्डर केली, २, ३ आणि ५. आता होणारच असं वाटलं, तरी तेच. राइट फॉल्ट.

दुसऱ्या दिवशी पेठेत गेलो. दुकानातल्या काकांना सगळं सांगितलं तर त्यांनी केबल विकायचा प्रयत्नच केला नाही, ड्रॉवरमधून ही डबी काढली आणि म्हणाले "आधी हे लाव, मग ये." या वाक्यासाठी त्या दुकानाला माझे पैकीच्या पैकी. गरज नसलेलं काही गळ्यात मारायचं नाही ही पेठेतली जुनी पद्धत अजून काही दुकानांत शिल्लक आहे आणि ऑनलाइनवर हे मिळत नाही.

डबी डॉसच्या पोर्टवर लावली, तिच्यामागे केबल. टीडी हिरवा, आरडी हिरवा. आरएस-२३२ मधे तार शांत असते तेव्हा तिच्यावर उणे व्होल्टेज असतं, माझ्याकडच्या डबीत उणे म्हणजे हिरवा आणि अधिक म्हणजे लाल. म्हणजे दोन्हीकडून डेटाची तार जिवंत, क्रॉसिंग बरोबर. आणि मग कॉपी मारलं. डीटीआर आणि आरटीएस हिरव्याचे लाल झाले, म्हणजे डॉसचा पीसी विचारतोय की मी तयार आहे, पाठवू का, आणि सीटीएस अन् डीएसआर दोन्ही पूर्ण काळे. लाल नाही, हिरवेही नाही, काळे. या फरकातच सगळं उत्तर होतं. हिरवा असता तर पलीकडचा नाही म्हणतोय असा अर्थ, काळा म्हणजे पलीकडे कोणी नाहीच, तारच नाही.

डॉस स्वतः पोर्टवर लिहितं तेव्हा ते बायोसमधून (पीसीच्या बोर्डवरच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम) जातं, आणि तो बायोस एकेक अक्षर पाठवायच्या आधी डीएसआर आणि सीटीएस वर होकार आहे का बघतो, नसेल तर ठराविक वेळ थांबून सोडून देतो. माझ्या तीन तारांच्या केबलमधे होकार यायला रस्ताच नव्हता. बॉड रेट बदलून काय होणार होतं? लॅपटॉपवरचं टर्मिनल सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल बंद केला की या तारांकडे बघत नाही, म्हणून तीन तारा पुरतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते लॅपटॉपसाठी खरंय पण जुन्या डॉससाठी नाही.

कनेक्टर उघडला, डॉसच्या बाजूला ७ आणि ८ जोडले, ४, ६ आणि १ एकत्र जोडले. पाच मिनिटांचं काम. परत लावलं, कॉपी मारलं, सीटीएस डीएसआर लालभडक, टीडी फडफडायला लागला आणि लॅपटॉपवर टक्क्याचं चिन्ह, मग ओ आणि चार आकडे, मग जी कोड (मशीनला द्यायचे हुकूम) धबाधबा. मामा मागे उभा होता, काही बोलला नाही, फक्त खुर्ची ओढून बसला.

मग सीटीटीवाय कॉम वन दिलं. या कमांडने डॉसचा अख्खा प्रॉम्प्टच सिरीयलवर येतो, म्हणजे १९९८ चा पीसी मी लॅपटॉपच्या कीबोर्डवरून चालवत होतो. पुट्टीत लॉगिंग चालू केलं आणि फॉर कमांडने सगळ्या फायलींवर टाईप (फाईलमधला मजकूर दाखवणारी कमांड) लावलं. याचा फायदा असा की प्रत्येक फाईलच्या आधी प्रॉम्प्टसकट तिचं नाव लॉगमधे येतं, नंतर वेगळ्या करायला सोपं. ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं, एकूण दीड मेगाबाईटच्या आसपास माल, अर्ध्या तासाच्या आत झालं. दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे लॅपटॉपवरून सावकाश टाईप करा, पेस्ट केलं तर अक्षरं गळतात, आणि एडिटरसारखे थेट स्क्रीनवर लिहिणारे प्रोग्रॅम सिरीयलवर दिसत नाहीत. परत यायला सीटीटीवाय कॉन.

आता डबीच्या तक्रारी. अक्षरं फार बारीक, मी वर स्टिकर लावून मोठी लिहिली. स्क्रू एकमेकांना अडतात त्यामुळे केबल घट्ट बसत नाही, हाताने धरावी लागते. रिंगच्या (फोनची घंटी कळवणाऱ्या) पिनला दिवा नाही, पण ती मोडेमशिवाय कोणाला लागते. दिवे तारेवरूनच करंट घेतात, त्यामुळे काही यूएसबी केबलवर ते मंद दिसतात आणि सिग्नलही थोडा दबतो, म्हणून दोष सापडला की डबी काढून ठेवा, कायमची लावून ठेवू नका. बॉड किंवा पॅरिटी चुकली असेल तर ही काही सांगत नाही, तेव्हा स्क्रीनवर कचरा दिसतो त्यावरूनच ओळखायचं. आणि आर्डुइनो वगैरे छोट्या सर्किट बोर्डांच्या ३.३ किंवा ५ व्होल्टच्या पिनांना हिचा उपयोग नाही, तिथे उणे व्होल्टेज नसतंच.

पाचपैकी साडेचार देतो. काकांकडे परत गेलो आणि सातही तारांची तयार नल मोडेम केबल आणि दोन जेंडर चेंजर (मेलचं फिमेल, फिमेलचं मेल करणारे जोड) आणले, ते वर्कशॉपमधेच ठेवलेत.

फायली वेगळ्या करताना दिसलं की सेटर काकांनी प्रोग्रॅममधे कंसात मराठी टिपा लिहिल्यात, रोमन कॅपिटलमधे. इथे सॉफ्ट जॉ घेणे. हा कट सावकाश, टूल वाजतो. मामाने त्या सगळ्या वाचल्या, एकेक, आणि म्हणाला त्या पुसू नकोस.