वर्गासोबत मोठ्याने प्रार्थना की हजेरीआधी मनातल्या मनात?

ख्रिस्ती शिक्षकापुढे दोन वाटा असतात. मुलांना उभं करून प्रार्थना म्हणवून घ्यायची, किंवा तासाआधी एकट्यानेच हजेरीपटावरची नावं मनात घेत करायची.

पहिल्या वाटेत संविधानाचा अनुच्छेद २८ आडवा येतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत ही वाट जवळपास बंदच. अनुदानित मिशन शाळेत उपासना चालते, पण सक्ती नाही. अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते. आता सहावीतलं पोर बाईंना तोंडावर ‘मला नको’ म्हणेल का? कागदावरची संमती वेगळी, वर्गातली वेगळी. प्रार्थनेने वर्ग शांत होतो हे खरं, पण तेवढं काम दोन मिनिटांचं मौनही करतं.

मला दुसरी वाटच पटते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दार लावून प्रार्थना करायला सांगतो, त्याच्याशी ती जास्त जुळते. शिवाय ज्याने काल डोकं उठवलं त्याचं नाव सकाळी देवापुढे घेतलं, की आज त्याच्यावर खेकसणं जरा जड जातं. ख्रिस्ती मुलांना शिक्षकासोबत प्रार्थना करायला मिळत नाही, एवढा तोटा आहे; त्यासाठी चर्चमधला रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, म्हणजे संडे स्कूल, आहेच.