बोटीवर वापरायची झाकणवाली गॅस ग्रिल: मस्त आहे, घ्या!
बामणोलीला शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) मित्राच्या बोटीवर वापरली, चार जणांचं चिकन झालं आणि फळीवर तेलाचा एक डाग नाही! खरी कमाल खालच्या ट्रेची, त्यात बोटभर पाणी घालायचं, मग चरबी पाण्यातच पडते, भडका उडत नाही की धूर होत नाही. मॅरिनेशन घरूनच डब्यात करून न्या आणि तेल अगदी कमी, पीस निथळून ठेवा. पाय मात्र गुळगुळीत आहेत, खाली ओलं फडकं लागतंच. गॅस हवेपेक्षा जड, लीक झाला तर बोटीच्या तळाशी साठतो म्हणून बोट काठाला बांधून उघड्यावरच पेटवा. आणि ट्रेमधलं तेलकट पाणी प्लीज कोयनेत ओतू नका, बाटलीत भरून घरी आणा.