पांढरा रस्सा आहे, भात नाही: कोल्हापुरातला लो-कार्ब डबा

कोल्हापुरात कुणी लो-कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर (कार्ब) कमी असलेलं जेवण, सुरू केलं म्हटलं की पुढच्याचा प्रश्न ठरलेला असतो. "भाकरी न्हाई, भात न्हाई, मग खातोस तरी काय?" या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर रोज दुपारी चार कप्प्यांच्या स्टीलच्या डब्यातून येतं. राजारामपुरीतल्या एक ताई घरीच स्वयंपाक करून हा डबा देतात. माझा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.२ आला तेव्हापासून मी तो घेतोय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि घरात वडिलांचा मधुमेह बघितलेला असल्यामुळे तो आकडा मी हसण्यावारी नेला नाही. ताईंचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. एका स्वयंपाकघरातून निघून निघून किती डबे निघणार?

बुधवारचा डबा उघडून सांगतो. तळाच्या कप्प्यात सुकं मटण, चांगलं हाडासकट, कांदा-लसूण मसाल्यात परतलेलं. त्याच्यावर तांबडा रस्सा, तवंग शाबूत. तिसऱ्या कप्प्यात लसणाची फोडणी दिलेली मेथी किंवा कोबी, भरपूर. सगळ्यात वर काकडी, लिंबाची फोड, दह्याची लहान वाटी आणि चिमटीभर जवसाची चटणी. पांढरा रस्सा वेगळ्या, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात. आळणी पाणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, खसखस, तीळ, आलं-लसूण, खडा मसाला. काजू अगदी नावाला. काही ठिकाणी रस्सा दाट व्हावा म्हणून काजूचं वाटण सढळ हाताने घालतात आणि १०० ग्रॅम काजूत तीसेक ग्रॅम कार्ब असतात. ताई दाटपणा खसखशीवर आणि तिळावर आणतात. तो रस्सा पिताना आपण काही सोडलंय असं वाटतच नाही. झाकणावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर पेनाने ग्रॅममधला अंदाजे आकडा: "कार्ब १८".

त्या चिठ्ठीमुळे हिशेब डोळ्यांसमोर राहतो. मी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, आकडा लिहिलेला असला की मला बरं वाटतं. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब ठेवले तर त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. किटो त्याहून कडक, २० ते ५० ग्रॅमचं. आता आपलं जेवण बघा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरेक ग्रॅम कार्ब. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच, म्हणून "चपाती सोडली, आता भाकरी खातोय" म्हटल्याने कार्ब कमी होत नाहीत. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर ४० ग्रॅम झाले. दोन भाकऱ्या आणि वर वाटीभर भात, की दिवसाचा कोटा दुपारीच संपला. आणि मटण? त्यात कार्ब जवळजवळ शून्य. आपल्या ताटात रश्शाने कधी काही बिघडवलं नव्हतं, त्याच्या शेजारच्या भाताने आणि भाकरीने बिघडवलं होतं. हे ज्याला पटलं त्याला कोल्हापुरात लो-कार्ब अवघड नाही.

पहिल्या आठवड्यात डोकं धरतं, अंग गळून जातं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. नवीन माणूस इथंच घाबरून सोडतो. कार्ब कमी झाले की इन्शुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकायला लागतात. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतं, त्याच्याबरोबरही पाणी जातं. सुरुवातीला वजनकाटा भराभर खाली येतो तो मुख्यतः या पाण्यामुळे, त्यावर फार हुरळून जाऊ नये. ताई नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या आठवड्यात मटणाचा वार नसला तरी वाटीभर आळणी पाणी मीठ घालून जास्तीचं देतात, शाकाहारी असेल तर मिठाचं पातळ ताक. मला दोन दिवसांत फरक जाणवला. ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र मीठ वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ताईही तेच सांगतात. पोट साफ न होण्याची तक्रारही बऱ्याच जणांची असते. त्यासाठीच ती पालेभाजी आणि जवस आहे. जवसातले बहुतेक कार्ब म्हणजे चोथाच, साखर त्याने वाढत नाही.

डब्याहून मला जास्त आवडला तो ताईंचा नियम. डबा सुरू करायच्या आधी त्या गोळ्यांचा कागद बघतात. मी पैसे द्यायला गेलो होतो तेव्हा एक वयस्कर काका आले होते, त्यांना नुसता डबा हवा होता.

"काका, गोळी कुठली चालू हाय?"

"आता गोळीचं काय? डबा तर घ्यायलोय."

"डब्यानं साखर उतरती, गोळीनं बी उतरती. दोन्हीनं मिळून लईच खाली आली आणि चक्कर येऊन पडला म्हंजे?"

काका ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेत होते. ताईंनी डबा दिला नाही, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाल्या. पुढे डॉक्टरांनी गोळी कमी करून दिली आणि मगच त्यांचा डबा सुरू झाला. इन्शुलिन घेणाऱ्यांचंही असंच. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर टाकणारी गोळी असेल तर आणखी जपावं लागतं. कार्ब फार कमी केले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्त धोकादायकरीत्या आम्ल होऊ शकतं आणि तेव्हा साखर फारशी चढलेली दिसत नाही, त्यामुळे पटकन लक्षातही येत नाही. धंदा करणारी बाई गिऱ्हाईक परत पाठवते, तेही एवढ्या आपुलकीनं, हे मी फार कमी बघितलंय.

आता उणं. मटणाचे आणि अंड्यांचे वार जितके झकास, तितके सोमवार आणि शनिवार हे दोन वार कंटाळवाणे. पनीर, परत पनीर. यार्डात डबा पोचेपर्यंत ते चिवट होतं. शाकाहारी माणसाला लो-कार्ब जमतं का, हा खरा प्रश्न आहे आणि डब्यात त्याचं उत्तर अर्धंच मिळतं. मटकीची उसळ, डाळ यांत प्रोटीन असलं तरी वाटीभर उसळीत पंधरा-वीस ग्रॅम कार्ब येतात, म्हणून त्या मोजून खायच्या. मग उरतं ते पनीर, दही, अंडं चालत असेल तर अंडं, शेंगदाणे, तीळ, खोबरं. एवढ्यावर आपल्याकडे कितीतरी करता येतं. मी ताईंना भरली वांगी सुचवली, आत शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि सुकं खोबरं, गूळ न घालता. ती आता सोमवारी असतात आणि पहिल्या दिवसापासून संपतात. दोडका, भेंडी, चाकवत यांनाही वार मिळाला पाहिजे. श्रावण आल्यावर काय करणार, हे त्यांनी आत्ताच ठरवून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या महिन्यात निम्मं कोल्हापूर मटण सोडतं आणि उपासाच्या नावाखाली साबुदाण्यावर येतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

जास्तीचे पैसे देऊन बदामाच्या पिठाची भाकरी मिळते, ६० रुपयांना एक. ती घेऊ नका. ज्वारीच्या पिठाला उकळत्या पाण्याने जो चिकटपणा येतो तो त्यातल्या पिष्टामुळे. बदामात पिष्ट नावालाच, त्यामुळे भाकरी हातात मोडते आणि रश्शात बुडवली की विरघळते. त्यापेक्षा रस्सा वाटीने प्यावा, मटण हाताने खावं. बाजारातल्या तयार लो-कार्ब आट्याच्या पिशव्याही मागचा कार्बचा तक्ता वाचल्याशिवाय घेऊ नयेत.

मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते गुळाबद्दल. "साखर बंद केली, पण गूळ चालतो की." कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे, त्याच्यावर माझं घर चालतं. तरीही सांगतो, गुळात थोडं लोह आणि खनिजं असली तरी बाकी सगळी साखरच आहे. चहात टाकलेल्या सुपारीएवढ्या, १० ग्रॅमच्या खड्यात नऊएक ग्रॅम कार्ब असतात. चवीने खायचाय तर सणाला खा, औषध म्हणून नको. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध? मोठ्या पेल्यात बारा ग्रॅम, हिशेबात धरून प्यायला हरकत नाही. मिसळीत गोंधळ पाव आणि फरसाणाचा आहे, कटाचा नाही. दीक्षित डाएट आणि हे एक नव्हे. त्यात दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायचं असतं, भाकरी सोडायची अट नाही.

पुढच्या तपासणीत माझा एचबीए१सी ५.८ आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र वाढलं होतं. काही जणांचं असं वाढतं, म्हणून साखरेबरोबर लिपिड प्रोफाइलही करून घ्या. डॉक्टरांनी तूप-खोबरं आवरायला सांगितलं, तेव्हापासून ताई माझ्यासाठी नारळाचं दूध कमी घातलेला पांढरा रस्सा वेगळा काढतात आणि झाकणावर माझं आडनाव लिहितात. एवढं कोण करतं?

शाकाहारी डबा १४० रुपये, अंड्याचा १६०, मटणाचा २४०. मटणाचा भाव बघता मला तो महाग वाटत नाही. गुरुवारी सुट्टी. आदल्या रात्री आठच्या आत कळवावं लागतं, उशीर झाला तर मिळत नाही. यार्डात डबा साडेबाराला पोचतो तेव्हा रस्सा कोमट झालेला असतो. शेगडीची सोय असेल तर पांढरा रस्सा मंद आचेवर ढवळत तापवा आणि उकळी येऊ देऊ नका, नाहीतर नारळाचं दूध फाटतं.