सीमॅपटूल्स: चेहरा जुनाट, पण सिनॉप्सिसच्या आधी हेच उघडा

'नागपुरी संत्र्याची फळगळ' हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. पीएच.डी.चे अनेक सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, संशोधन मान्यता समितीपुढे अडकतात ते याच फरकावर. विषयावरून प्रश्नावर येण्यासाठी संकल्पना नकाशा, म्हणजे कन्सेप्ट मॅप (चौकटीत संकल्पना आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांवर संबंध लिहिलेलं चित्र), हे चांगलं हत्यार आहे आणि त्यासाठी खास बनवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे सीमॅपटूल्स. फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संशोधन संस्थेनं ते बनवलंय. विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतं आणि फुकट आहे.

दिसायला मात्र अगदीच जुनं. आजकालच्या माइंड मॅप ॲपची रंगीबेरंगी चमक इथं नाही, मेनू दाटीवाटीचे, लहान स्क्रीनच्या लॅपटॉपवर अक्षरं बारीक. तरीही संशोधनाच्या आखणीसाठी ते त्या ॲपपेक्षा सरस आहे आणि त्याचं कारण एकच: दोन चौकटी जोडल्या की रेघेवर हे सॉफ्टवेअर '????' असं लिहून ठेवतं. संबंध काय, ते लिहा, असं त्याचं म्हणणं. माइंड मॅपमध्ये मधोमध 'फळगळ' लिहायचं, चहूबाजूंनी 'पाऊस', 'कीड', 'खत' अशा फांद्या काढायच्या की चित्र तयार. पण पाऊस फळगळीचं नेमकं काय करतो, हे कुणी विचारतच नाही. ड्रॉ डॉट आयओसारख्या आकृत्या काढायच्या साधनात बाणावर शब्द लिहिता येतात, पण सक्ती नसल्यानं लिहायचं राहून जातं.

ही शिस्त सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. 1972 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते ते टिपण्यासाठी ही पद्धत काढली. नवं ज्ञान आधीच्या ज्ञानाला जोडलं गेलं तरच पक्कं होतं, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार तिच्या मुळाशी आहे. संकल्पना, जोडशब्द (रेघेवर लिहिलेला संबंध), संकल्पना हे तिन्ही मिळून वाचता येईल असं एक विधान व्हायला हवं. विधान होत नसेल तर ती रेघ फक्त शोभेची.

वापरायचं कसं, ते संत्र्यावरच पाहू. आधी मध्यवर्ती प्रश्न लिहा: 'काटोल-नरखेड पट्ट्यातल्या भारी जमिनीत आंबिया बहाराची फळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये का गळतात?' ठिकाण (नागपूर जिल्ह्यातला पट्टा), जमीन, बहार (आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा), महिने सगळं त्यात आलं. हा प्रश्न नकाशाच्या माथ्यावर ठेवा, पुसू नका. मग 15 ते 25 संकल्पना एका कडेला नुसत्या उतरवून ठेवा. रिकाम्या जागेवर डबल क्लिक केलं की चौकट उमटते. पाणी साचणं, निचरा, मुळांना प्राणवायू न मिळणं, फायटोप्थोरा (मुळं कुजवणारा रोगजंतू), मूळकूज, इथिलीन (फळगळ घडवणारं झाडातलंच संप्रेरक), देठाचा गळ-थर (फळ जिथून सुटतं तो पेशींचा थर), रस शोषणारा पतंग, फळमाशी, नत्र, फळांची संख्या, झाडाला दिलेला ताण, अशी ही यादी. चौकटीत एक-दोन शब्द, फार तर तीन. 'जास्त पाऊस पडल्यामुळे मुळं कुजतात' हे अख्खं वाक्य चौकटीत कोंबलं की नकाशा मेला, कारण जो संबंध तपासायचा तोच आत लपला.

आता व्यापक संकल्पना वर, नेमक्या खाली, अशी मांडणी करा. चौकट निवडली की तिच्या माथ्यावर बाणांची खूण येते. ती दुसऱ्या चौकटीवर ओढली की जोड तयार होते. एका जोडशब्दातून दोन-तीन फाटे काढता येतात. ही सोय छान आहे, पण तिथंच घोळही होतो: 'कारणीभूत ठरतं' या एकाच जोडशब्दाखाली सहा चौकटी टांगल्या की नकाशा पुन्हा यादी बनतो. एकाच ओळीत चौकटींची माळ लागली तरी समजा, विषय अजून पोटात उतरलेला नाही.

खरी किंमत आडव्या जोडण्यांची, म्हणजे नकाशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या रेघांची. पाणी साचलं, मुळांना प्राणवायू मिळेना, इथिलीन वाढलं, देठाजवळ गळ-थर तयार झाला, ही साखळी सरळ लागते. पण डिसेंबरच्या आसपास पाणी तोडून झाडाला दिलेल्या ताणापासून ऑगस्टच्या गळीपर्यंत रेघ ओढून बघा. ताणामुळे फुलं जास्त, म्हणून फळं जास्त, म्हणून अन्नासाठी चढाओढ, इथवर लिहिता येतं. पुढं, त्याच झाडाच्या मुळांत पाणीही साचलं तर काय? तिथं हात थांबतो आणि '????' तसंच राहतं. ते पुसू नका, रेघ लाल करून ठेवा. साहित्याचा आढावा आधी या लाल रेघांचा घ्यायचा. पेपर वाचून सुटल्या त्या काळ्या करायच्या. उरतील त्यांच्यातून उद्दिष्टं निघतात, आणि अशी दोन-तीन उद्दिष्टं एका पीएच.डी.ला पुरेत.

मराठीत नकाशा करताना एक अडचण येतेच. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकाशात जोडशब्द मधे. 'पाणी साचणं – मुळे होते – मूळकूज' असं वाचायला अवघड जातं. त्यावर उपाय म्हणजे 'यामुळे', 'याचं एक कारण', 'हे वाढवतं', 'हे रोखतं' असे दोन चौकटींच्या मधे नीट वाचता येतील असे जोडशब्द ठरवून घ्यायचे आणि चौकटीतली संकल्पना नेहमी मूळ रूपात ठेवायची. देवनागरीऐवजी रिकाम्या चौकटी दिसल्या तर स्टाइल्सच्या खिडकीतून फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल करा.

आणखी एक खोड: खाली जाणाऱ्या रेघांना बाणाचं टोक येत नाही. नकाशा वरून खाली वाचायचा, हे त्यात गृहीत धरलंय. गाइडला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून स्टाइल्समधल्या रेघेच्या पर्यायात सगळीकडे टोक दाखवायला सांगा.

चौकटी तीसच्या वर गेल्या की एका विषयाच्या चौकटी निवडून 'नेस्टेड नोड' करा. सगळ्या किडी एका घडीत, सगळ्या बुरश्या दुसऱ्या. हवं तेव्हा घडी उघडायची. पेपरची पीडीएफ चौकटीवर ओढून टाकली की तिथंच चिकटते. मात्र नंतर फाइली विंडोजच्या एक्सप्लोररमधून हलवल्या तर हे दुवे तुटतात. हलवाहलवी सीमॅपटूल्सच्या स्वतःच्या खिडकीतूनच करावी.

सगळ्यात कामाची गोष्ट मेनूत खोल दडलीय: एक्स्पोर्टमधला 'प्रपोझिशन्स ॲज टेक्स्ट'. सगळा नकाशा तीन रकान्यांत ओळीनं उतरतो. एकेक ओळ मोठ्यानं वाचा. जी ओळ विधान म्हणून खोटी, मोघम किंवा अर्धवट वाटेल ती तिथंच दुरुस्त करा. एक्सेलमध्ये मराठी अक्षरं विचकली तर फाइल थेट न उघडता डेटा आयात करून यूटीएफ-8 ही अक्षरप्रणाली निवडा.

इतिहास किंवा साहित्याच्या अभ्यासकांना याचा उपयोग थोडा कमी. तिथं कारणांपेक्षा कालक्रम आणि वाद महत्त्वाचे आणि हे सॉफ्टवेअर काळ दाखवण्यात कच्चं आहे. शेती, पर्यावरण, शिक्षणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, जिथं दहा कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, तिथं मात्र डोळे झाकून घ्या. संगणकाचा कंटाळा असेल तर चिकटचिठ्ठ्या आणि एक मोठा ड्रॉइंग पेपरही चालतो, फक्त जोडशब्दांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या घ्या.

गाइडला दाखवायचा असेल तर साध्या चित्राच्या फाइलीत नव्हे, तर मोठं केलं तरी न फुटणाऱ्या एसव्हीजीत किंवा पीडीएफमध्ये काढा. नागपूरच्या बर्डीतल्या झेरॉक्सवाल्याकडून ए3 वर छापून घ्या. ए4 वर वीस चौकटींच्या पुढं जोडशब्द वाचताच येत नाहीत.