दहा महिने, एक जुना कॅमेरा आणि बारा वड्यांची डबी: सोलापूरच्या उन्हातला अनुभव

गेल्या दसऱ्याला मी दोन गोष्टी एकदम घरात आणल्या. एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा आणि दुसरी वॉटरकलरची बारा हाफ-पॅनची, म्हणजे रंगांच्या छोट्या वड्यांची, डबी. कॅमेऱ्याबद्दल घरात दोन दिवस चर्चा झाली. डबीबद्दल झाली नाही, कारण ती पर्समध्ये मावली.

खोकं उघडल्याच्या दिवशी लिहिलेली परीक्षणं ढिगानं सापडतात. मी ठरवलं होतं, एक गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा) आणि एक उन्हाळा काढल्याशिवाय काही लिहायचं नाही. दोन्ही निघाले, पावसाळाही अर्धा सरला, म्हणून आता लिहिते.

आधी माझी पात्रता. वय ४४, नोकरी, हातात वेळ म्हणजे रविवारची सकाळ आणि जमलं तर संध्याकाळचा अर्धा तास. चित्रकलेचं शिक्षण शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेपुरतं, त्यातही बी ग्रेड. फोटोग्राफीचं शिक्षण शून्य. तेव्हा हे कुणा जाणकाराचं मत नाही, माझ्यासारख्याच हौशी माणसाचं आहे.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान), बाहेर काढून फिरवता येणारी स्क्रीन असलेला. सोबत १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी झूम. सगळं मिळून ३१,००० रुपये. पुढे डिसेंबरात ५० मिमी एफ १.८ ची लेन्स नवी घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. या वर्गात डावं-उजवं करण्यासारखं फार नसतं आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मालाला लागू आहे.

माझी मूळ योजना अशी होती: रविवारी फोटो काढायचे, आठवडाभर घरी पंख्याखाली बसून त्यावरून चित्रं रंगवायची. उन्हात बसायला नको, बघ्यांची गर्दी नको. ही योजना साफ फसली.

पहिलं चित्र भुईकोट किल्ल्याच्या भिंतीचं. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं सकाळी अकराच्या सुमाराला फोटो काढला. फोटो झकास आला, दगडाचा सांधा न् सांधा मोजता यावा इतका. प्रिंट समोर ठेवून आठ दिवस रंगवलं आणि जे झालं ते बघून मुलगी म्हणाली, "आई, आग लागून गेलेल्या इमारतीसारखं दिसतंय." खरं होतं. बुरुजाच्या सावल्या मी फोटोत दिसल्या तशाच काळ्या केल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच वेळी नुसती बसले. कॅमेरा पिशवीत. पंधरा मिनिटं सावलीकडे बघितल्यावर लक्षात आलं की तिथं काळं काहीच नाही. वरच्या बाजूला आभाळाची निळी झाक, खाली मातीवरून परतून आलेल्या उन्हाची तांबूस झाक आणि दगडाचा स्वतःचा जांभळट तपकिरी रंग. आपला डोळा ऊन आणि सावली आलटून पालटून बघतो, बाहुली लहान-मोठी होते, म्हणून दोन्हीकडचं दिसतं. कॅमेऱ्याला एका फटक्यात एकच प्रकाश ठरवावा लागतो. तो उन्हाच्या बाजूनं ठरवला की सावली काजळते, सावलीच्या बाजूनं ठरवला की ऊन धुऊन निघतं. कोकणातल्या ढगाळ दिवशी हा फरक कमी असेल. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पुढे अकरा वाजता तो इतका असतो की कॅमेऱ्याला दोष देणंही बरोबर नाही.

गंमत म्हणजे माझा साधा मोबाईल इथं डीएसएलआरपेक्षा बरा फोटो काढतो. तो पटापट तीन-चार फोटो काढून त्यांची मोट बांधतो आणि सावली उघडून दाखवतो. बहिणीनं हे लगेच दाखवून दिलं. "मोबाईलमध्ये पण येतंय की, मग एकतीस हजार कशाला?" उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. मोबाईल सावली उघडतो, पण सगळं एकसारखं सपाट करून. कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती) ठेवली की नंतर मला हवी तेवढीच सावली, हवी तिथेच उघडता येते. एक रॉ फाइल २५-३० एमबीची होते, जुना लॅपटॉप कण्हतो, पण नवशिक्यानं पहिल्या दिवसापासून रॉ प्लस जेपेग (नेहमीचा तयार फोटो) ठेवावं. मी ऑक्टोबर ते डिसेंबर नुसतं जेपेग ठेवलं, त्यातले बरेच फोटो आता सुधारता येत नाहीत.

मग आला गड्डा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला सात नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक निघते आणि हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात. सोलापूरकरांना सांगायला नको. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर झाला की अंगावर काटा येतो आणि हातातला कॅमेरा विसरायला होतो. मी विसरले नाही. ऑटोवर दोनशे फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर सगळी बाराबंदी पावसाळी ढगाच्या रंगाची!

कारण नंतर कळलं. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे असं गृहीत धरतो. चौकटीत पांढरंच पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. उपाय एका बटणाचा आहे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. दुसऱ्या दिवशी +१ ठेवलं. सावलीतल्या गल्लीत बाराबंदी पांढरीशुभ्र आली. पण उन्हात आल्यावर पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या चुण्या नाहीशा झाल्या, नुसता पांढरा पुठ्ठा. शेवटी उन्हात +२/३ आणि सावलीत +१ असा हिशोब बसला. जिथे पांढरं करपतं तिथे स्क्रीनवर लुकलुकणारी सूचना देण्याची सोय मेनूत असते, ती आधी चालू करा. मीटरपेक्षा मी आता त्या लुकलुकण्यावर जास्त विसंबते.

५० मिमी लेन्सचे पैसे याच चार दिवसांत वसूल झाले. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात किट लेन्स हात टेकते. झूम केल्यावर ती एफ ५.६ ला जाते आणि चालती माणसं फरफटलेली येतात. ५० च्या लेन्सनं एफ २ ला, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर, सेकंदाच्या १/२५० ला चेहरे धारदार आले. तोटा एवढाच की एपीएस-सी सेन्सरवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते. गर्दीत चार पावलं मागे सरकायला जागा लागते आणि गड्ड्यात मागे सरकणं म्हणजे कुणाच्या तरी पायावर उभं राहणं. नंदीध्वजाची काठी टोकापर्यंत चौकटीत घ्यायची तर किट लेन्सच लागली. म्हणून ती अजून विकलेली नाही.

आता रंगांकडे. त्याच मिरवणुकीतला एक फोटो रंगवायला घेतला तेव्हा पांढऱ्याची गोष्ट उलटी झाली. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. कागद कोरा सोडला तोच पांढरा. डबीतली पांढरी वडी मी पहिल्या महिन्यात भरपूर वापरली आणि प्रत्येक वेळी चित्र खडूसारखं झालं. बाराबंदीच्या चुण्या शेवटी एका पातळ निळसर करड्या हातात झाल्या, बाकी सगळा कागद. कॅमेऱ्यात पांढरं जपायला शिकल्यावर हे सुचलं, हे मान्य करायला हवं.

मी तलावाकाठी हे करत होते तेव्हा एक शाळकरी पोरगा येऊन उभा राहिला. "काय करलालाव काकू?" मग बराच वेळ बघून, कोऱ्या जागेवर बोट ठेवून, "हितं राहिलंय की." बघ्यांची मला जी भीती होती ती एवढीच निघाली.

काळ्या वडीचंही तेच. सावलीला ती वापरू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी एकत्र केले की सुंदर करडा होतो. निळा जास्त घेतला तर थंड, तपकिरी जास्त घेतला तर उबदार. किल्ल्याची भिंत मी आता या दोनच रंगांत करते, उन्हाच्या बाजूला थोडा यलो ऑकर. शिवाय अल्ट्रामरीनचे कण जाडसर असल्यानं ते खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत आपोआप येतो. फुकटात.

रंग कमी करायला मला शिकवलं ते मात्र कुठल्या व्हिडिओनं नाही. आमच्या शेजारचे काका पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरींची नक्षी काढायचे. ग्राफ पेपरवर चौकटी भरून मोर काढायचा, त्यावरून जॅकार्डसाठी (नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रणेसाठी) भोकं पाडलेली कार्डं तयार व्हायची. घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. माझं कंबर तलावाचं चित्र हातात धरून त्यांनी विचारलं, "किती रंग लावलाव ताई ह्यात?" मी म्हटलं, अकरा. ते हसले. "आमच्यात एक रंग वाढला की एक धोटा वाढतोय. धोटा वाढला की खर्च वाढला. म्हणून रंग घ्यायच्या आधी इचारायचं, ह्याच्याबिगर मोर दिसंल का?" (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन.)

त्या दिवसापासून मी चारच वड्या ओल्या करते. बारा वड्यांच्या डबीतल्या आठ वड्या म्हणजे माझे फुकट गेलेले पैसे. परत घेताना चार चांगल्या प्रतीच्या सुट्या वड्या घेईन.

याला आणखी एक कारण आहे. फेब्रुवारीत मी बाराही रंगांचे पट्टे एका कागदावर ओढले, निम्मा कागद जाड पुठ्ठ्यानं झाकला आणि पश्चिमेच्या खिडकीला आतून चिकटवला. जूनमध्ये पुठ्ठा काढला. क्रिमसन लाल उघड्या बाजूला फिकट गुलाबी उरला होता, जांभळा जवळजवळ गेला होता. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, ऑकर जसेच्या तसे. मातीचे रंग उन्हाला दाद देत नाहीत, हे वाचलं होतं, आता बघितलं. भिंतीवर लावायचं चित्र असेल तर स्वस्त डबीतल्या लाल-जांभळ्यावर विश्वास ठेवू नका. वडीच्या वेष्टनावर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला नसेल तर ती वडी सरावापुरतीच.

उन्हाळ्यानं सगळ्यांचीच परीक्षा घेतली. पारा ४३ च्या पुढे गेल्यावर आभाळाच्या रंगाचा सपाट हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळतं आणि मध्ये कडा उमटतात. युरोपातले चित्रकार व्हिडिओत "आता वाळेपर्यंत चहा घेऊ" म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. इथं कपात चहा ओतेपर्यंत वाळलेलं असतं. मी केलेले उपाय: सकाळी साडेसहाला बसणं, कागद मागूनही ओला करून प्लास्टिकच्या पाटीवर चिकटवणं आणि पाण्यात ग्लिसरिनचे दोन थेंब. थेंब दोनच. एकदा सढळ हातानं घातलं तर चित्र दोन दिवस चिकट राहिलं आणि त्यावर मुंगी येऊन अडकली.

वड्यांना मे महिन्यात भेगा पडल्या, दोन तर डबीतून सुट्या होऊन खुळखुळायला लागल्या. थेंबभर पाणी आणि किंचित ग्लिसरिन लावून रात्रभर ठेवलं की बसतात. मास्किंग फ्लुइड (कोरी जागा झाकून राखायचा रबरी द्रव) उन्हात कागदाला असं धरून बसलं की काढताना कागदाची सालंच निघाली. ते मी पुन्हा वापरलं नाही.

कागदावर मात्र कंजुषी करू नका. सुरुवातीला मी डबीवर खर्च केला आणि कागद साध्या ड्रॉइंग वहीचा घेतला. पाणी पडलं की पापडासारखा फुगतो. ३०० जीएसएमचा शंभर टक्के कॉटन कागद महाग आहे, एका पानाची किंमत बघून हात थरथरतो, पण मध्यम प्रतीचे रंगसुद्धा त्यावर चांगले वागतात. चांगल्या रंगांना वाईट कागद मारतो, हे मात्र नक्की. मी पान चार तुकड्यांत कापते आणि दोन्ही बाजूंनी वापरते.

कॅमेऱ्याच्या तक्रारी तीन. मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत तासभर राहिला आणि पकडीचं रबर एका कोपऱ्यातून सुटलं. दोष अर्धा माझा, अर्धा रबराचा. दुसरी, धूळ. विजापूर रोडला वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलली, तेव्हापासून आभाळाच्या फोटोत तीन ठिपके येत होते. हवेच्या ब्लोअरनं दोन गेले, एकाशी मी संसार करते. आता लेन्स घरातच बदलते, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. तिसरी, वजन. लेन्ससकट कॅमेरा, पाण्याची बाटली, डबी, पाटी, घडीचं स्टूल हे सगळं घेऊन किल्ल्यात फिरल्यावर दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो. ट्रायपॉड नेऊच नका, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत त्याला वेगळी परवानगी लागते.

सध्या माझी पद्धत अशी: जागेवर वीस मिनिटं बसून पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर फक्त सावल्यांचे रंग टिपायचे. नंतर फोटो काढायचा, उन्हाच्या हिशोबानं. घरी फोटोवरून रेषा घ्यायच्या आणि रंग त्या तुकड्यावरून. इंद्रभुवनसारखी नक्षीदार इमारत असेल तर फोटोशिवाय माझी धडगत नाही, तिथले बारकावे जागेवर काढत बसले तर निवृत्तीचं वय होईल. हिप्परग्याच्या तलावावर उलट, फोटोत काहीच नसतं, पाणी आणि आभाळ, तिथे कॅमेरा काढतसुद्धा नाही. गेल्या दोन रविवारी ढग होते, हवा दमट होती, आणि पहिल्यांदाच ओल्यावर ओला रंग सोडून आभाळ मनासारखं पसरलं.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल आणि पैसे बेताचे असतील तर मी आज असं करीन: मोबाईल आहे तोच ठेवीन, चार वड्या, एक आठ नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश आणि चांगला कागद घेईन. कॅमेरा वर्षभरानं. कॅमेरा घेतलाच तर वापरलेला बघा, पण दुकानदारासमोर पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ ला काढून मोठा करून बघा, सेन्सरवरची धूळ लगेच दिसते. मी हे केलं नव्हतं.

कॉटन कागदाची शेवटची दोन पानं उरली आहेत. नवी वही दिवाळीच्या बोनसनंतर, असं घरून सांगण्यात आलंय. पर्समध्ये मावते का ते बघते.