इंटर्नशिपनंतर काय: सातपुड्यातली पीएचसी, फॅमिली मेडिसिनचं डीएनबी की तालुक्याला दवाखाना?

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजांतून दरवर्षी अशी काही मुलं बाहेर पडतात ज्यांना सर्जन किंवा रेडिओलॉजिस्ट व्हायचं नसतं. अख्ख्या घराचा डॉक्टर व्हायचं असतं. त्यांच्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, डीएनबी म्हणजे नॅशनल बोर्डाचं पदव्युत्तर शिक्षण, किंवा स्वतःचा दवाखाना. घरचे पहिल्यांदा पगार विचारतात. आम्हाला दुसरा प्रश्न आधीचा वाटतो: तुमचं चुकलं तर ते दाखवून द्यायला जवळ कोण आहे?

पीएचसी

शासकीय कॉलेजातून एमबीबीएस केलं असेल तर एक वर्षाचा बाँड, म्हणजे सरकारी सेवेची अट, आहेच. त्याच्या अटी तुमच्या प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे लागतात, त्यामुळे सिनियरचं ऐकून ठरवू नका, स्वतःचा कागद वाचा.

सपाटीवर ३०,००० लोकसंख्येला एक पीएचसी आणि आदिवासी, डोंगराळ भागात २०,००० ला एक, असं प्रमाण आहे. त्यामुळे रावेर-यावलपेक्षा धडगाव-अक्कलकुव्याची पीएचसी हलकी असेल असं वाटतं. तसं नसतं. पाडे लांबलांब, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की रस्ता तुटतो आणि बाळंतीण झोळीतून आणावी लागते. सपाटीवर ओपीडीची रांग दमवते, डोंगरात पेशंट हातात पडेपर्यंत झालेला उशीर.

कामही नुसतं ओपीडीचं नाही. बाळंतपणं, लसीकरण, टीबीचे पेशंट, दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर मातांची तपासणी, एमएलसी (पोलिस-कोर्टाशी संबंधित केसेस), पोस्टमॉर्टेम, आणि उरलेल्या वेळात रिपोर्ट आणि मीटिंगा. सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधा आहे, पावसाळ्यात साप.

सर्पदंशाचंच घ्या. कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये २ मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय, १० व्हायल अँटीव्हेनम (विषावरचा उतारा) सुरू करायचं आणि रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनलिनची सिरिंज भरून बाजूला ठेवायची. हे पुस्तकात आहे. पण ट्यूब प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि गरज नसलेल्या माणसाला अँटीव्हेनम जातं. याच्या उलट मण्यार चावल्यावर रक्त व्यवस्थित गोठतं, म्हणून पेशंटला घरी पाठवलं जातं. तिथे पापण्या जड होतात का, गिळायला त्रास होतो का, ते रात्रभर पाहत बसावं लागतं. शेजारी अनुभवी एमओ (वैद्यकीय अधिकारी) असेल तर हे पहिल्याच पावसाळ्यात अंगवळणी पडतं. एकट्याच्या पीएचसीत ते चूक करून कळतं, आणि कधीकधी तेव्हाही कळत नाही.

पगाराचं थोडक्यात: नियमित वैद्यकीय अधिकाऱ्याची मूळ वेतनश्रेणी ५६,१०० पासून सुरू होते. बाँड आणि कंत्राटी जागांवर ठरावीक मानधन असतं आणि ते उशिरा होण्याची तक्रार जुनी आहे. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच रुजू व्हा.

डीएनबी फॅमिली मेडिसिन

नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन ३ वर्षं. याच विषयाचा नॅशनल बोर्डाचा डिप्लोमा २ वर्षांचा आहे. मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी, कॅज्युअल्टी असं सगळीकडे फिरून काम करायचं, थिसिस लिहायचा, आणि मधले ३ महिने जिल्हा रुग्णालयात. स्टायपेंड मिळतो. मुख्य म्हणजे रोज सकाळी तुमची केस कोणीतरी तपासतं.

याची खोट आम्हाला स्पष्ट सांगावीशी वाटते. काही हॉस्पिटलांत फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट म्हणजे वॉर्डाला आणि आयसीयूला मिळालेला जादा माणूस. तो ३ वर्षांत लाइन टाकायला, म्हणजे शिरेत नळी बसवायला शिकतो, पण एकाच मधुमेहाच्या पेशंटला वर्षभर सांभाळायला शिकत नाही. म्हणून सीट घेण्याआधी विचारा: फॅमिली मेडिसिनची वेगळी ओपीडी आहे का, आणि रेसिडेंट तिथे आठवड्यातून किती दिवस बसतो? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं हॉस्पिटल बघा.

कम्युनिटी मेडिसिनचं एमडी म्हणजे हेच, असं बरेच जण समजतात. तो विषय साथरोग, कार्यक्रम आणि नियोजनाचा. तो विभाग प्रत्येक मेडिकल कॉलेजात असावाच लागतो, त्यामुळे शिकवण्याच्या जागा मिळतात. पेशंट बघायची हौस त्याने भागत नाही.

स्वतःचा दवाखाना

अमळनेर, चाळीसगाव, शिरपूरसारख्या गावात एकाच घराच्या तीन पिढ्या बघायला मिळतात; हे सुख बाकी दोन्ही वाटांवर नाही. नुसत्या ओपीडीसाठी मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, जैव-कचऱ्याची परवानगी घ्यावी लागते. टीबीचा पेशंट सापडला की सरकारला कळवणं बंधनकारक आहे. त्याचे ५०० रुपयेही मिळतात. शेतकऱ्याचा पैसा कापूस विकल्यावर हातात येतो, त्यामुळे पेरणीच्या दिवसांत उधारीची वही भरते, हे हिशेबात धरा.

इंटर्नशिपवरून थेट इथे बसू नये असं आमचं मत आहे. ‘सलाईन लावा’ म्हणणाऱ्या पेशंटला नाही म्हणायला अनुभवाचं बळ लागतं. ते नसलं की स्टेरॉइडच्या इंजेक्शनची सवय पहिल्या सहा महिन्यांत लागते आणि सहसा सुटत नाही.

आम्ही सुचवू तो क्रम असा: दुसरा एमओ असलेल्या पीएचसीत बाँड, मग डीएनबी, मग दवाखाना. घरी पैशाची निकड असेल तर डीएनबीऐवजी नियमित एमओची जागा.

बाँडच्या जागांच्या यादीतून पीएचसी निवडण्याआधी तिथे एकदा रात्री आठनंतर जाऊन या. दुसरा डॉक्टर खरोखर मुक्कामी असतो का, क्वार्टरला पाणी आहे का, ग्रामीण रुग्णालयाला पोचायला रात्री किती वेळ लागतो, हे सिस्टरला विचारा. ऑक्सिटोसिनच्या (बाळंतपणातलं रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) फ्रिजचा थर्मामीटर २ ते ८ अंशांच्या मध्ये आहे का बघा, आणि लाइट गेल्यावर काय करतात तेही. मग लेबर रूमच्या ट्रेमधले मॅगसल्फचे (मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांवरचं इंजेक्शन) अँपूल मोजा. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम द्यावं लागतं आणि एका अँपूलमध्ये १ ग्रॅमच असतं. दहा हवेत.