नाना पेठेतलं टू-स्ट्रोक गॅरेज: पॉवर व्हॉल्व्हच्या कामाचं परीक्षण

पुण्यात आरएक्स १०० डोळे मिटून खोलणारे मेकॅनिक पेठेपेठेत सापडतात. पॉवर व्हॉल्व्हची, म्हणजे आरपीएमप्रमाणे जळलेल्या वायूच्या वाटेचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या झडपेची, गाडी मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाताखालून गेलेली असते. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे गाजलेल्या आरएक्स १००, केबी १०० किंवा राजदूत ३५० यांपैकी एकाही गाडीत पॉवर व्हॉल्व्ह नव्हता. राजदूत ३५० वरचं 'टॉर्क इंडक्शन' म्हणजे इनटेकचा रीड व्हॉल्व्ह, हवा-पेट्रोल आत येण्याच्या वाटेवरची पातळ पाकळ्यांची झडप. पॉवर व्हॉल्व्ह असतो एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या भोकाच्या, तोंडाशी. 'व्हॉल्व्ह साफ केला' असं सांगून रीडच्या पाकळ्या पुसून दिलेल्या गाड्या शहरात बऱ्याच फिरतात.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळातलं हे छोटं गॅरेज या दोन व्हॉल्व्हमधला फरक जाणतं. यामाहाचा वायपीव्हीएस, रोटॅक्स इंजिनांचा रेव्ह, कावासाकीचा किप्स आणि मोटोक्रॉसच्या गाड्यांमधले गव्हर्नरवर चालणारे व्हॉल्व्ह अशी चारही प्रकारची कामं इथे होतात. काम एकूण चांगलं आहे. दोन ठिकाणी ते कमी पडतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सर्वांत जमेची बाजू म्हणजे इथे पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतात. 'गाडी पळत नाही' एवढ्या तक्रारीवर कोणी कार्बोरेटर खोलत नाही. पहिला प्रश्न असतो: आरपीएम चढतं आणि वेग चढत नाही, की आरपीएमच चढत नाही? आरपीएम चढून वेग तिथेच राहत असेल तर क्लच प्लेट घसरतायत, व्हॉल्व्हला हात लावायचं कारण नाही. गाडी खालून छान ओढते आणि मग ७-८ हजारांच्या आसपास कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते, असं असेल तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय किंवा गाडीत रिस्ट्रिक्टर, म्हणजे ताकद मुद्दाम कमी करणारा अडथळा, आहे. उलट खालचा ओढा गेलाय, सिग्नलवरून निघताना क्लच फार घासावा लागतो, पण वर गेल्यावर गाडी बरोबर पळते, असं असेल तर व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय. व्हॉल्व्हचं काम ध्यानात घेतलं की हे आपोआप उलगडतं. कमी आरपीएमला तो एक्झॉस्ट पोर्टची वरची कड खाली आणतो, पोर्ट उशिरा उघडतो आणि ताजा चार्ज, म्हणजे न जळलेलं हवा-पेट्रोल मिश्रण, सायलेन्सरमध्ये वाया जात नाही. वरच्या आरपीएमला तो बाजूला होतो आणि जळलेला वायू बाहेर पडायला जास्त वेळ मिळतो.

त्यानंतरची तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती मालकासमोर करतात. सर्व्हो, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारी छोटी विजेची मोटर, असलेल्या बहुतेक यामाहांमध्ये चावी फिरवली की व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून बंद होतो आणि 'घुर्र' असा आवाज येतो. आवाज आला नाही तर आधी बॅटरी मोजतात. १२ व्होल्टच्या खाली उतरलेल्या बॅटरीवर सर्व्हो अर्ध्यात थांबतो आणि उगाच सर्व्हो बदलला जातो. आवाज येऊनही पुली हलत नसेल तर सर्व्होकडून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दोन्ही केबल काढून व्हॉल्व्ह बोटांनी फिरवून बघतात. तो गुळगुळीत फिरला पाहिजे. घट्ट लागला तर कार्बन, फिरताना मध्येच खरखरला तर ड्रम (व्हॉल्व्हचा फिरणारा भाग) किंवा बुश झिजलेला. व्हॉल्व्हच्या टोकाच्या झाकणाभोवती काळं तेल पाझरताना दिसलं तर तिथलं ऑइल सील किंवा ओ-रिंग गेलेली असते. ती बदलायचीच, कारण नवीन सीलशिवाय परत बसवलेला व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत पुन्हा ओला दिसतो.

रिस्ट्रिक्टरचा भाग खास पुण्यासाठी महत्त्वाचा आहे. इथे आलेली जुनी १२५ सीसी इंजिनं बऱ्याचदा युरोपातल्या हलक्या मोटारसायकलच्या परवान्यासाठी, म्हणजे ११ किलोवॅट किंवा सुमारे १५ हॉर्सपॉवरच्या मर्यादेसाठी बांधलेली असतात. अडथळा कुठे आहे ते बाहेरून कळत नाही. एक्झॉस्टच्या गळ्यात वेल्ड केलेली वॉशर असते, इनटेक मॅनिफोल्डमध्ये लहान भोकाची चकती असते, कार्बोरेटरच्या स्लाइडला पूर्ण वर न जाऊ देणारा स्टॉप असतो, किंवा सीडीआयच (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ठरावीक आरपीएमला ठिणगी तोडतो. काही गाड्यांत पॉवर व्हॉल्व्हची वायर मुद्दाम तोडून ठेवलेली असते, त्यामुळे व्हॉल्व्ह निरोगी असूनही कायम बंद राहतो. या गॅरेजमध्ये या जागा एकामागून एक तपासतात.

इथे एक गोष्ट ते ठामपणे सांगतात आणि ती पूर्ण बरोबर आहे: वॉशर काढली आणि मेन जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तोच ठेवला तर पिस्टनला भोक पडू शकतं. अडथळा गेला की इंजिन जास्त हवा ओढतं, पेट्रोल तेवढंच येतं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच पिस्टन थंड ठेवतं आणि त्याच्यातलं तेलच त्याला वंगण देतं. म्हणून जेट आधी दोन-तीन पायऱ्या मोठा लावतात, मग प्लग बघत खाली आणतात. पूर्ण अॅक्सिलेटरवर काही सेकंद चढावर ओढायचं, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि प्लग काढायचा. प्लगचं पोर्सलीन, म्हणजे चिनी मातीचा भाग, चहाच्या फिक्या रंगाचं हवं. पांढरं दिसलं तर लगेच थांबायचं. ही चाचणी ते रहदारीत करत नाहीत, सकाळी लवकर बोपदेव घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये करतात, म्हणजे आरपीएम पूर्ण मिळतं आणि वेग आवाक्यात राहतो.

जेटबद्दलचा आणखी एक सल्ला पुणेकरांनी लक्षात ठेवावा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे बरोबर बसलेला जेट खंडाळ्याचा घाट उतरून मुंबई किंवा कोकणात गेला की दाट हवेमुळे लीन पडतो. त्यात ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आधीच मिश्रण थोडं लीन करतं. त्यामुळे खाली जाणाऱ्याने एक पायरी मोठा जेट सोबत ठेवावा.

आता साफसफाई. इथे या गॅरेजचं काम सर्वांत उजवं आहे. आपल्याकडे आरएक्सचा सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात टाकून कार्बन काढायची जुनी पद्धत आहे आणि लोखंडी सायलेन्सरला ती चालते. सवयीने व्हॉल्व्हही त्याच बादलीत टाकला जातो आणि तिथे नुकसान होतं, कारण बरेच व्हॉल्व्ह आणि सगळे सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे असतात आणि कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो. पृष्ठभागावर खड्डे पडतात, मग कार्बन आणखी घट्ट धरतो. इथे व्हॉल्व्ह रॉकेलमध्ये किंवा कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजवतात आणि पितळी ब्रशने, हलक्या हाताने घासतात. ग्राइंडरची तारेची चकती आणि पॉलिश पेपर वापरत नाहीत. सिलिंडरमधला व्हॉल्व्हचा खाचा लाकडी काडीने खरवडतात. वेळ लागतो, पण खाचा मोठा होत नाही.

परत बसवतानाचा टप्पा सगळ्यात नाजूक. सर्व्होच्या पुलीवरची खूण आणि व्हॉल्व्हची खूण जुळवून पिनने अडकवतात, मग दोन्ही केबलचा ताण सारखा करतात. एक केबल सैल राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर इंजिन किकने हलकेच, हाताने फिरवून व्हॉल्व्ह पिस्टनला किंवा रिंगला लागत नाही ना हे बघतात. ही पायरी गाळणाऱ्या गॅरेजपासून गाडी दूर ठेवावी. चुकून खाली बसलेला व्हॉल्व्ह पहिल्याच किकला रिंग तोडतो. बाजूच्या झाकणाचे ६ मिलिमीटरचे बोल्ट टॉर्क रेंचने १० न्यूटन मीटरला आवळतात, कारण अॅल्युमिनियमचे आटे जास्त जोराने लगेच जातात.

मोटोक्रॉसच्या बहुतेक गाड्यांत सर्व्हो नसतो. तिथे क्लचच्या बाजूला क्रँकवर चालणारा गव्हर्नर असतो, त्याचे गोळे बाहेर फेकले गेले की दांडा व्हॉल्व्हला ढकलतो. ते पाहायला गिअर ऑइल काढून उजवं कव्हर उघडावं लागतं. इथे गॅस्केट नवीन लावतात, जुनं परत बसवत नाहीत.

कार्बन पुन्हा लवकर साचू नये म्हणून तेलाचं प्रमाण लिहून देतात. ५० ला १ म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली, ३२ ला १ म्हणजे साधारण ३१ मिली. तेल जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक तेलाचं जपानी मानक) दर्जाचं घ्यायला सांगतात, कारण ते कमी धूर आणि कमी कार्बन करतं. इथेनॉलमुळे पाणी ओढून घेणारं मिसळलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे टाकीत ठेवू नका, हेही ते आवर्जून सांगतात.

आता कमतरता. पहिली, विजेचं काम. सर्व्होचा पोझिशन सेन्सर किंवा कंट्रोल बॉक्स बिघडला असेल तर इथे मल्टीमीटरने मोजून दोष दाखवतात, पण दुरुस्ती करत नाहीत. भाग मागवावा लागतो आणि त्याला कितीही दिवस लागू शकतात. दुसरी, गळतीची चाचणी. क्रँकचं सील फुटलेलं असलं तरी गाडी लीन चालते आणि वर अडते, अगदी व्हॉल्व्ह अडकल्यासारखी. त्यासाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बुजवून ६ पीएसआय दाबाने हवा भरायची आणि मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत नाही ना हे बघायचं. ही चाचणी इथे सांगितल्याशिवाय करत नाहीत. गाडी देतानाच ती करायला सांगा, व्हॉल्व्ह खोलण्याआधी.

गाडी न्यायच्या आधी फोन करून मॉडेल आणि इंजिन नंबर कळवा, म्हणजे ओ-रिंग आणि गॅस्केट आधी शोधून ठेवतात. परत घेताना चावी फिरवून 'घुर्र' ऐका, मग झाकण काढून पुली शेवटपर्यंत जाते का ते स्वतः बघा. काढलेली वॉशर किंवा चकती मागून घ्या आणि कुठला जेट लावलाय त्याचा नंबर टाकीखाली मार्करने लिहून ठेवा.